गंगाजल, आत्याच्या अटींवर

आत्या, तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी हात भाजून घेतला आणि त्याच्यावर टूथपेस्ट फासली.

आधीच सांगून टाकतो, दुसऱ्या कुणाकडून तुला कळायला नको. समाचाराला माणसं येत होती. तुझी लाडकी सून सुजाता बाहेर मुलुंडच्या काकूंजवळ बसली होती, म्हणून मी म्हटलं, चहाचं आपण बघू. गाळताना सांडशी सटकली आणि पातेल्याची कड हाताला चांगलीच लागली. नळ तिथेच होता. हात नुसता बाजूला नेला असता तरी पुरलं असतं. पण मी धावत बाथरूममध्ये गेलो, ट्यूब पिळली आणि कोपरापर्यंत पांढरा होऊन, वर चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलो. तुझ्या हाताखाली वाढलेला, पन्नाशी उलटलेला माणूस! खालच्या मजल्यावरच्या हेमाबेन तुझ्या फोटोसमोर डोळे पुसत होत्या. ट्रे ठेवून मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग तुझ्या फोटोकडे बघितलं, आणि रडता रडता त्यांना असं काही हसू फुटलं की मुलुंडच्या काकूही सामील झाल्या.

"बाळूभाई," हेमाबेन म्हणाल्या, "आत्या अभी ऊपर पहुँची भी नहीं होगी, और आपने चालू कर दिया?"

सुजाताने मला स्वयंपाकघरात नेलं, पेस्ट धुऊन काढली आणि हात नळाखाली धरला. "वीस मिनिटं. हलायचं नाही." माणसं तर येतच होती. त्यामुळे तुझ्या समाचाराला आलेले निम्मे लोक मला ओट्यापाशीच भेटले. "कसं काय झालं हो?" असं आवाज उतरवून विचारायचे. मी तुझं सांगायला लागायचो, की ते म्हणायचे, "नाही, हाताचं विचारतोय."

फोड आला नाही. तुझ्या माहितीसाठी.

आत्या, लोकांच्या घरात आत्या नाव ठेवते आणि मग आयुष्यभर लाड करते. तू मात्र माझ्या हातापायांना पट्ट्या बांधल्यास. तुमच्या ट्रॉम्बेच्या ऑफिसात प्रथमोपचार शिकवायला कुणी आलं होतं आणि प्रत्येक खात्यातून एक माणूस हवा होता, ही गोष्ट मी तुझ्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की ती सतरंजी मला डोळ्यांसमोर दिसते. त्या सतरंजीवर आडवं पडून दाखवायचं होतं, तेही साहेबांसमोर. बाकीच्या बायका भिंतीला टेकल्या. तू पदर खोचलास आणि सरळ जाऊन झोपलीस. "बेशुद्ध बाईला कसली आलीये लाज?" असं म्हणालीस म्हणे. नोकरी टायपिंगची होती, पण त्या दिवसापासून तुझा खरा धंदा बदलला.

आणि त्या धंद्यात मला कायमची नोकरी लागली. पेशंटची. घाटकोपरच्या आपल्या त्या दोन खोल्यांत माझा हात किती वेळा मोडला, पाय किती वेळा मुरगळला, याला गणती नाही. शाळेतून आलो की दप्तर ठेवायच्या आत मी बेशुद्ध. आई बिचारी पोळ्या लाटता लाटता विचारायची, "वन्सं, ह्याला शुद्धीवर कधी आणताय? जेवायला वाढायचंय."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आठवतं का तुला? म्हणजे आठवत असणारच, पण मला पुन्हा सांगू दे, कारण त्यात मी एकटा पुरुष होतो. बायका वाण लुटायला येतात त्या प्लॅस्टिकचा डबा नाहीतर स्टीलची वाटी मिळणार या हिशेबाने. तू महिनाभर आधीपासून मांजरपाट आणून, त्रिकोणी कापून, मशीनवर कडा दुमडून ठेवल्या होत्यास. प्रत्येकीच्या हातात हळदीकुंकू, तिळगूळ आणि एक त्रिकोणी पट्टी. हेमाबेनने घडी उलगडली, उलटसुलट केली आणि विचारलं, "आ शुं छे? पोतुं?"

"फरशी पुसायला नाही हो दिलेलं," तू म्हणालीस. "बाळ्या, बाहेर ये."

मी तेव्हा कॉलेजात होतो, नुकती मिशी राखली होती. मला बायकांच्या मधोमध पाटावर बसवून तू माझा हात गळ्यात बांधलास, गाठ मानेच्या मागे नाही तर बाजूला का घ्यायची ते सांगितलंस, बोटं उघडी का ठेवायची ते सांगितलंस आणि शेवटी कुणीतरी माझ्याही मनगटाला अत्तर लावलं. पुढे हेमाबेनचे मिस्टर न्हाणीत पाय घसरून पडले, तेव्हा त्यांचा हात त्याच पट्टीत बांधून हेमाबेन दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, झकास बांधलंय. फक्त पट्टीला हिंगाचा वास का येतो ते त्यांना कळेना. मधल्या काळात हेमाबेन तिच्यात ढोकळा वाफवत होत्या.

आणि मुलुंडचं लग्न! प्रशांत, म्हणजे मुलुंडच्या काकूंचा मुलगा, बोहल्यावर उभा, मधे अंतरपाट, गुरुजींनी घसा साफ केलेला, आणि नवरदेवाच्या नाकाचा घोळणा फुटला. उन्हाचे दिवस, हॉलमधले पंखे नावाला. सगळा हॉल ओरडायला लागला, "मान वर कर! डोक्यावर पाणी मारा! कांदा आणा!" तू खुर्च्यांच्या रांगा ओलांडत स्टेजवर चढलीस. "मान खाली. पुढे वाक. तोंडाने श्वास घे. रक्त घशात उतरवायचंय का रे तुला?" आणि त्याच्या नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून उभी राहिलीस.

गुरुजी म्हणाले, "बाई, मुहूर्त."

"चालू करा की. अक्षता काय नाकावर पडतात?"

मंगलाष्टकं झाली, सगळीच्या सगळी, आणि तू चिमूट सोडली नाहीस. मधूनमधून बघायचं नाही, दाब काढायचा नाही, हा तुझा नियम. रक्त कुठूनही येवो, "थांबलं का बघू, थांबलं का बघू" करणारी माणसं ते थांबू देत नाहीत, हे तू आम्हाला ओरडून ओरडून शिकवलं होतंस. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरीला आपला नवरा पहिल्यांदा दिसला तो वाकलेला, आणि त्याचं नाक एका अनोळखी बाईच्या हातात. तिने घातलेल्या हारात तुझं मनगटही आलं. तो फोटो त्यांनी मोठा करून लावलाय. परवा काकू म्हणाल्या, शालूवन्संशिवाय आमचं लग्न लागलंच नसतं. मी म्हटलं, लग्न प्रशांतचं होतं काकू. त्या म्हणाल्या, तेच ते.

माझं लग्नही तूच जमवलंस, तेही एका प्रश्नात. चारकोपला सुजाताच्या घरी आपण बघायला गेलो होतो. सगळे शिक्षण, नोकरी, आवडीनिवडी विचारत होते. तू पोह्यांची बशी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "भाजलं तर काय लावतेस गं?"

सुजाता म्हणाली, "काही लावत नाही. नळाखाली धरते."

"किती वेळ?"

"आई ओरडेपर्यंत."

खाली उतरल्यावर, रिक्षा मिळायच्या आत, तू अण्णांना सांगितलंस, "दादा, हिलाच करायची." मला कुणी काही विचारलं नाही. मला भाजण्यावरचा प्रश्नही कुणी विचारला नाही, ते एक बरं झालं.

पण आत्या, तुझं खरं भांडण माझ्याशी कधी नव्हतंच. ते तुझ्या सख्ख्या भावाशी होतं, आणि ते पाण्यावरून होतं.

आपल्या माणसांना कुणी पडलेलं दिसलं की पहिली गोष्ट सुचते ती पाणी. चक्कर आली, पाणी द्या. गाडीने उडवलं, पाणी द्या. फिट आली, आधी चप्पल हुंगवा, मग पाणी द्या. अण्णा तर त्यातले शिरोमणी. गावाकडे उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देऊन वाढलेले, गिरणीतही कुणी मागाजवळ घेरी येऊन पडलं की हेच तांब्या घेऊन धावायचे. आणि तू त्यांच्या तोंडावर सांगायचीस, "दादा, शुद्ध नसलेल्या माणसाला गिळता येत नाही. ते पाणी पोटात जात नाही, श्वासनळीत जातं. तू पुण्य करायला जातोस आणि माणूस गुदमरतो."

"आमच्या बापजाद्यांनी काय माणसं मारली?" अण्णा भडकायचे.

"मोजली कुणी?"

मग अण्णा पेपर तोंडासमोर धरायचे. तू विजयाने भाजी निवडायला घ्यायचीस. संध्याकाळी दोघं एका बशीत मालवणी खाजं खायचात.

असं असूनही काशीला तुम्ही दोघं बरोबर गेलात आणि सील केलेला तांब्याचा गडू बरोबर आणलात. एकच. दुकानातच ठरलं म्हणे, की जो मागे राहील त्याने जाणाऱ्याच्या तोंडात गंगाजल घालायचं. तुझं लग्न नाही, मूल नाही. अण्णांच्या दृष्टीने ते काम दुसऱ्या कुणाचं नव्हतंच. माझी आई गेली तेव्हा ते गावाला होते, वेळेवर पोचले नाहीत, ही सल त्यांना होतीच. बहिणीच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. गडू देवघरात ठेवताना तू शेवटचा शब्द आपला ठेवलास, "पण डॉक्टरने हात टेकल्याशिवाय नाही हां दादा." अण्णा म्हणाले, "गप रव गो."

आणि मग ती दुपार आली.

गेल्या वर्षीची. सुजाता ऑफिसात होती. घरात आपण तिघं. तू जेवायला उशीर करत होतीस, इन्सुलिन घेऊन वांगी निवडत बसली होतीस, आणि मी आत काहीतरी शोधत होतो. परात पडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघतो तर तू खुर्चीच्या बाजूला जमिनीवर, घामाने भिजलेली. हाक मारली, खांदे हलवले, ओ नाही. वाकून तुझ्या तोंडाशी कान नेला. श्वास चालू होता.

आत्या, मला वाटलं होतं, अशा वेळी माझी वाट लागेल. टूथपेस्टवाला माणूस मी. पण इतकी वर्षं तू माझ्यावर ज्या गोष्टी करायचीस, त्या माझ्या हातांनी आपोआप केल्या. फोन स्पीकरवर टाकून अँब्युलन्ससाठी एकशे आठ लावला, पत्ता सांगितला. तुझा एक हात बाजूला पसरला, दुसरा गालाखाली घेतला, गुडघा उभा केला आणि तुला कुशीवर वळवलं. हनुवटी जरा वर. तोंड जमिनीकडे, म्हणजे काही आलंच तर बाहेर पडेल. खिडकीतून वॉचमनला हाक मारली, गेटवर थांब, गाडीला रस्ता दाखव.

वळलो तर अण्णा उभे होते. हातात गडू, सील काढलेलं. दुसऱ्या हातात खिडकीतल्या कुंडीतलं तुळशीचं पान.

"बाजूक हो," ते म्हणाले.

"अण्णा, नको. श्वास चालू आहे तिचा."

"तशीच जातली ती. बाजूक हो, बाळ्या."

"अण्णा, तोंडात काही घालायचं नाही. तिनेच सांगितलंय."

"माझी भयण आसा ती!"

ते खाली बसले. त्यांनी गडू कलता केला. आणि मी माझ्या बापाचं मनगट धरलं, आत्या. एका हाताने तुझी हनुवटी आणि एका हाताने त्यांचं मनगट. गिरणीत काम केलेला हात तो, या वयातही मला आवरेना. ते ढकलत नव्हते, फक्त मागे घेत नव्हते. पाणी थोडं सांडलं, माझ्या बाहीवर. ते माझ्याकडे असे बघत होते की मी कुणी परका, रस्त्यावरचा माणूस आहे आणि त्यांच्या घरात शिरलोय. मी सोडलं नाही. मला एकच कळत होतं. मी बरोबर असेन तर तू जगशील. आणि चूक असेन तर माझ्यामुळे माझा बाप दुसऱ्यांदा, आईच्या वेळेसारखाच, रिकामा राहील.

गाडी आली. त्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्या बोटाला सुई टोचली, साखर बघितली, शिरेतून ग्लुकोज दिलं. गाडीत मी तुझ्या डोक्याखाली घरची उशी सरकवली. एलबीएस रोडवरच्या सिग्नलला तू डोळे उघडलेस. मी तुझ्यावर वाकलो. वाटलं, माझं नाव घेशील.

"डोक्याखाली उशी कुणी घातलीये?" तू म्हणालीस.

"मी."

"कशाला? मान दुमडते ना."

एवढं प्रेमाचं वाक्य मी आयुष्यात ऐकलं नाही. पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या शेजारी अण्णा मांडीवर गडू धरून बसले होते. त्यांनी मागे वळून बघितलं, तुझ्याकडे, आणि पुन्हा तोंड पुढे केलं.

घरी आल्यावर तुमचा खटला सुरू झाला. अण्णांचा मुद्दा बिनतोड होता. "साखर कमी झाली होती म्हणजे गोड पाणीच हवं होतं ना? मग मी काय वेगळं करत होतो?"

"शुद्धीत असताना साखर-पाणी. पडायच्या आधी, घाम सुटला, हात थरथरले तेव्हा. तेव्हा एक काय दोन ग्लास पाज. बेशुद्ध झाल्यावर थेंब नाही. आणि गंगाजलात साखर असते का रे दादा?"

"नसली म्हणून काय झालं?"

आम्ही हसलो. पण अण्णा माझ्याशी बोलेनासे झाले होते. रागावून नाही, अगदी साधेपणाने. "सुजाता, त्याला विचार जेवतो का." "सुजाता, त्याला सांग माझा चष्मा दे." मी समोर बसलेलो असायचो. एकदा मात्र त्यांनी भिंतीकडे बघत थेट म्हटलं, "तू माका माझ्या भयणीक पाणी घालूक दिलंस नाय." मी म्हटलं, अण्णा, ती जिवंत आहे. ते म्हणाले, "ता माका दिसता."

मी तुझ्याकडे आलो. विचारलं, "आत्या, खरं सांग, त्या दिवशी तू खरंच जात असतीस तर?"

"तरी नाही."

"आणि अण्णा?"

"दादाचं मी बघते," तू म्हणालीस आणि विषय बदललास. मला तुझ्याकडून अजून काहीतरी हवं होतं. काय, ते तेव्हाही सांगता आलं नाही.

नंतर तुझं हृदयच थकत गेलं. डॉक्टरांनी आणि तू मिळून ठरवलं, आता नळ्या नकोत, छाती दाबणं नको, घरी राहायचं. कागदावर सही करताना तू त्यांना दोन शंका विचारल्यास आणि त्यांच्या नर्सच्या पट्टीच्या गाठीला नावं ठेवलीस. आणि एका सकाळी, चहा झाल्यावर, अण्णांना हाक मारलीस.

"दादा, गडू आण."

अण्णा देवघरातून गडू घेऊन आले. तू सुजाताला म्हणालीस, मला ताठ बसव. पाठीमागे उशा लावल्या. तू चष्मा लावलास, पदर नीट केलास.

"आता बघ दादा. मी शुद्धीत आहे. बसलेली आहे. गिळता येतंय. आता पाज."

"अगो, पण तू खंय मराक लागलंस?"

"म्हणूनच. नंतर हा बाळ्या तुला देणार नाही. एकच चमचा. हळू."

अण्णांनी चमचा पुढे केला, सुजाताने खालून बशी धरली. तू पाणी तोंडात घोळवलंस, हनुवटी खाली करून गिळलंस, मग तोंड उघडून दाखवलंस, शाळेतल्या मुलीसारखं.

"कसा लागता?" अण्णांनी विचारलं.

"तांब्यासारखं. तुझी पाळी. तू पण घे माझ्या हातचं. दोघांचंही उरकून टाकू, मग कुणी आधी जाऊ दे."

आणि मग तू त्यांना पाजलंस. माझ्या बापाने लहान पोरासारखं तोंड उघडलं. दोघं एकमेकांकडे बघून जी हसलात, जी हसलात, की तुला धाप लागली आणि सुजाताने दोघांना दम दिला. त्यानंतर तू बटाटावडा मागितलास. तू आणखी बरेच दिवस जगलीस, आणि अण्णांना नवीनच चिंता लागली. असं आगाऊ घेतलेलं गंगाजल पोचतं का? गुरुजींना फोन केला. गुरुजी म्हणाले, असा प्रश्न आजवर कुणी विचारला नाही. तू पलंगावरून ओरडलीस, "पोचलं म्हणून सांगा त्यांना! सरळ पोटात पोचलं!"

तू गेलीस तेव्हा अण्णा तुला रोजच्यासारखं पेपरातलं राशिभविष्य वाचून दाखवत होते. प्रवासाचे योग, जुन्या मित्रांच्या भेटी. रोज तू प्रत्येक ओळीला काहीतरी टोमणा मारायचीस. त्या दिवशी त्यांचं वाचून झालं आणि टोमणा आला नाही, म्हणून त्यांनी वर बघितलं.

डॉक्टर येऊन गेले. मग अण्णा आत गेले आणि गडू घेऊन आले. तुळशीचं पान हातात होतं. तुझ्या उशाशी उभे राहिले, वाकले, आणि थांबले. वळून माझ्याकडे बघितलं.

"आता चलात मा?" त्यांनी मला विचारलं.

आत्या, तू मला नाक कसं दाबायचं, हाड मोडलं तर काय बांधायचं, घास अडकला तर पाठीत कुठे थापटायचं, सगळं शिकवलंस. ऐंशी उलटलेल्या बापाने, बहिणीच्या तोंडात पाणी घालू का म्हणून विचारलं, तर काय करायचं ते शिकवलं नाहीस. मी मान हलवली. त्यांनी पाणी घातलं. अगदी बेताने, एकच चमचा.

तेव्हापासून मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं, आणि जमत नव्हतं. हात भाजला, माणसं येऊन गेली, दिवस झाले, गोडाचं जेवण झालं, हॉलमधल्या खुर्च्या परत गेल्या. घर मोकळं झालं. आणि काल चहानंतर अण्णा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. सुजाता बाजूलाच होती, पण तिच्यामार्फत नाही. मला म्हणाले, "माका ता शिकय. माणूस कुशीर कसो वळवतत ता."

मी म्हटलं, "आत्ता?"

"मगे कधी? शालू येतली शिकवूक?"

मी हॉलमध्ये आडवा झालो. सुजाता गुरू झाली. अण्णा एका हाताने सोफा धरून, गुडघ्यांना शिव्या देत, खाली बसले. आधी माझे खांदे हलवले, "बाळ्या! ए बाळ्या!" इतक्या जोरात की खालून हेमाबेनने "क्या हुआ?" विचारलं. मग माझ्या तोंडाशी कान आणला. त्यांच्या कानातल्या केसांनी मला गुदगुल्या झाल्या आणि मी हसलो. फाडकन खांद्यावर चापट बसली. "बेशुद्ध माणूस हसता?"

"हात असा घ्या अण्णा. आता गुडघा. आता तुमच्याकडे ओढा."

त्यांनी ओढलं. एका दमात वळलो मी, पोत्यासारखा. माझा पंजा त्यांनी गालाखाली सरकवला, हनुवटी वर केली, बरोबर केली.

"उशी?" त्यांनी विचारलं.

"नको."

"आता कितको वेळ असाच ठेवचो?"

सुजाता म्हणाली, "गाडी येईपर्यंत."

"मगे बसतंय मी," अण्णा म्हणाले.

आणि बसले. माझ्या पाठीला गुडघा लावून, माझ्या डोक्यावर हात ठेवून. कसली गाडी, कुठून येणार होती! मला जे सांगायचं होतं ते सांगावं लागलं नाही, आणि तुझ्याकडून जे ऐकायचं राहिलं होतं तेही बहुतेक तिथेच मिळालं. बऱ्याच वेळाने खालून त्यांच्या मित्राची हाक आली, तेव्हा ते सोफा धरून उठले, चप्पल घातली आणि फिरायला गेले.

दार लागल्यावर मी उताणा झालो आणि पंख्याकडे बघत तसाच पडून राहिलो. सुजाता कप उचलत होती. थांबली, वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, रडायचं असेल तर कुशीवर वळून रडा. असं उताणं रडलं की सगळं कानात जातं."